पाठमोरी पाटी

आश्विन लागला की मला टर्पेंटाइनचा वास येतो. कुठे रंगकाम चालू असो नसो, येतो. यंदा तर तो खराच होता. आमच्या पिंपळे सौदागरच्या सोसायटीत फाटकाच्या गजांना नवा रंग देत होते आणि वास सहाव्या मजल्यावर माझ्या खिडकीपर्यंत चढून आला. अविनाशची बायको खिडकी लावायला धावली. आजी, तुमचं डोकं दुखेल, म्हणाली. मी म्हटलं, राहू दे, माझ्या ओळखीचा वास आहे. अविनाश म्हणजे माझ्या सासूबाईंच्या भावाचा नातू. मला स्वतःचं मूल नाही. मी आजी झाले ती याच घरात.

खाली रस्त्यावर दसऱ्याच्या तोंडाशी दुकानांच्या पाट्या बदलतात. आता त्या छापून येतात. दातांचा डॉक्टर, मोबाइलवाला, मिठाईवाला, सगळ्यांच्या फ्लेक्सवर गोरीगोमटी माणसं हसत असतात आणि सगळ्यांचे दात सारखे असतात. कुणाचं नाक वाकडं नाही, कुणाचा डोळा कपाळावर चढलेला नाही. इतक्या बिनचूक चेहऱ्यांकडे मला फार वेळ बघवत नाही. माझं तरुणपण वाईट पाट्यांच्या बाजारात गेलं, आणि त्यातली सगळ्यात वाईट पाटी आमची होती.

देश स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. पिंपरी तेव्हा धड गाव नव्हतं आणि धड शहरही नव्हतं. एका अंगाला रेल्वेचं स्टेशन, मधून मुंबई-पुणे रस्ता आणि पलीकडे कॅम्प. फाळणीत घरदार सोडून आलेले सिंधी लोक तिथे बराकींत राहत आणि बराकीच्या तोंडाशीच फळी टाकून दुकान मांडत. जवळ एक मोठा कारखाना उभा राहत होता, त्याच्या गवंडीकामावर लांबलांबची माणसं आली होती. पवना ओलांडून रहाटणीकडे निघालं की नुसती बाजरी. नवरात्रात ती कापणीला आलेली असे आणि रहाटणीच्या बायका कणसांचे भारे डोक्यावर घेऊन बाजारातून जात. त्यांच्या मागे रस्त्यावर दाणे सांडलेले असत आणि दाण्यांमागे चिमण्या.

अशा बाजारात नुसत्या अक्षरांचा उपयोग नव्हता. आमच्याकडच्यांना वाचता येत नव्हतं, सिंध्यांची लिपी उजवीकडून डावीकडे जाई, आणि गवंड्यांची भाषाच तिसरी होती. म्हणून प्रत्येक दुकानावर चित्र लागे. आणि सगळी चित्रं एकाच माणसाच्या हातची. दगडू पेंटर.

दगडू मूळचा ट्रंका रंगवणारा. लग्नात द्यायच्या पत्र्याच्या ट्रंकेवर गुलाब काढावा तो त्यानेच. दोन फटकाऱ्यांत पाकळी, तिसऱ्यात देठ. पण गुलाब सोडला तर त्याला काहीच येत नसे, आणि हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. दूधवाल्याच्या पाटीवर म्हैस होती, ती माणसासारखे दात काढून हसत होती. सायकलवाल्याच्या सायकलची दोन्ही पायडलं एकाच बाजूला. चपलांच्या दुकानावर दोन पाय होते, दोन्ही डावे. न्हाव्याकडे दाढीच्या आधीचा आणि दाढीच्या नंतरचा असे दोन चेहरे होते, त्यांतला आधीचाच बरा दिसे. वैद्यबुवांच्या पाटीवर रोगी ठणठणीत होता आणि त्याची नाडी धरणारे वैद्यबुवा स्वतः आता जातात की मग, असे दिसत होते. वैद्यबुवा चिडले. दगडू शांतपणे म्हणाला, रोगी बरा दिसतोय का न्हाई, मग अजून काय पायजे? पाटी राहिली. लोक पोट धरून हसत. पण हसऱ्या म्हशीपासून उजवीकडे वळा, असा पत्ता सांगितला की आंधळासुद्धा चुकत नसे.

दरवर्षी दसऱ्याच्या आधी या पाट्या पुन्हा रंगत. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करायची आणि दसऱ्याला नव्या रंगाच्या पाटीवर झेंडूची माळ चढवायची, हा बाजाराचा रिवाज. नवरात्राचे नऊ दिवस घटात गहू उगवत असे आणि बाहेर दगडू शिडीवर चढलेला असे. धूप, भाजलेले शेंगदाणे आणि टर्पेंटाइन या तिन्हींचा मिळून जो वास होतो, त्याला मी आजही नवरात्राचा वास म्हणते. अविनाशच्या बायकोला तो सांगून कळत नाही.

माझं लग्न सोळाव्या वर्षी झालं, पारनेरकडच्या एका खेड्यात. नवऱ्याबरोबर मी चार महिने राहिले. चार महिन्यांत माणसाचा चेहरा पाठ होतो असं कुणालाही वाटेल. मला तो झाला नाही. दिवसा घरात सासू, अंगणात भाऊबंद. माझा पदर नाकापर्यंत. रात्री चिमणीचा उजेड, तोही लवकर फुंकायचा. जेवायला वाढताना मला त्यांचे हात दिसत. चेहऱ्याकडे टक लावून बघणारी बाई निर्लज्ज, असं माहेरून शिकून आले होते, आणि मी फार शहाणी मुलगी होते.

मात्र पाठ मी मन भरेस्तोवर पाहिली. शेताला निघालं की ते पुढे, मी पाच पावलं मागे. जत्रेला गेलो तेव्हाही ते पुढे आणि मी मागे. त्यांचा डावा खांदा थोडा खाली असे. हात मागे नेऊन उजव्या हाताने डावं कोपर धरायचं आणि तसंच चालायचं, अशी लकब होती. मानेच्या वर केसांचा एक भोवरा होता, तो कोणत्याही न्हाव्याला जमला नाही. तिथली एक बट कायम उभी. ती बट वाऱ्याने हलली की मला हसू येई. मागून हसायला कुणाची मनाई नव्हती.

ते घर सोडून गेले ते बैलाच्या घुंगरमाळेवरून. माळ सासऱ्यांच्या हातची होती, आणि सासरे वर्षभरापूर्वी वारलेले. यांनी ती न विचारता एका मित्राला जत्रेपुरती दिली आणि ती तुटून परत आली. सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, माझ्यादेखत त्यांच्या मुस्कटात मारली. बावीस वर्षांचा लग्न झालेला मुलगा. आत्याबाई चुलीकडे तोंड करून बसल्या आणि भाकरी थापायला लागल्या. ते उठले, बाहेर पडले. मी हंडा कमरेवर घेऊन दारात उभी होते. चिंचेपर्यंत मला ते दिसत होते, कोपर धरलेले, बट उभी. आत्याबाईंनी वळून पाहिलं नाही. संध्याकाळी येईल भूक लागल्यावर, असं म्हणाल्या आणि दोन भाकरी झाकून ठेवल्या.

दोन वर्षं वाट पाहिली. कुणी म्हणे रस्त्याच्या खडीवर दिसला, कुणी म्हणे मालट्रकवर. मग भाऊबंदांनी विहिरीवरून भांडण काढलं, गावात राहणं मुश्कील झालं, आणि आत्याबाईंच्या भावाने, मामांनी, आम्हा दोघींना पिंपरीला आणलं. मामांची फुटाण्यांची भट्टी होती आणि त्यांचे गुडघे गेले होते. आम्ही भट्टीला बसलो. तापलेल्या वाळूत हरभरा उडायला लागला की आत्याबाई म्हणत, बघ कसं घर सोडून पळत्यात. म्हणत आणि वाळूत झारा फिरवत. मुलाची काळजी एकच होती. हा गावाकडे परत आला तर भाऊबंद त्याला आमचा ठावठिकाणा सांगणार नाहीत. आणि त्याला वाचता येत नव्हतं.

पाटीची कल्पना कॅम्पातल्या एका कापडवाल्यावरून सुचली. म्हातारा एकटाच होता, बायको-मुलं वाटेत कुठे पांगली त्याचा पत्ता नव्हता. त्याने दुकानावर कापडाचं चित्र काढून न घेता एका दरवाजाचं काढून घेतलं होतं. सिंधमधल्या त्याच्या घराचा दरवाजा. दगडूने ऐकून काढलेला, त्यामुळे तो कपाटासारखा दिसे आणि त्याची कडी बिजागरीच्या बाजूला होती. म्हातारा रोज सकाळी त्या दरवाजाला हात लावून कपाळाला लावी. आत्याबाईंनी एकदा त्याला विचारलं. तो मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला की या रस्त्यावरून सगळा मुलूख जातो. माझ्या गावचं कुणी गेलं तर त्याला दार ओळखू येईल.

आत्याबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दगडूला बोलावून घेतलं आणि सांगितलं की आमच्या दुकानावर फुटाणे नकोत, माझा मुलगा काढ. फोटो नव्हता. आमच्या घरात कुणाचाच कधी फोटो निघाला नव्हता. आत्याबाई पोत्यावर बसून सांगत गेल्या आणि दगडू काढत गेला. तोंड गोल, डोळे टपोरे, रंग उजळ. मी भट्टीआड बसून ऐकत होते. उजळ? वाढताना पाहिलेले हात काळेसावळे होते, आणि बोटं लांब, हाडकुळी. गोल तोंडाला असे हात असतात का? पण सासूसमोर नवऱ्याच्या रूपाबद्दल तोंड उघडायची पद्धत नव्हती, त्यातून परका पुरुष समोर. आई सांगत होती तो पाळण्यातला असावा. दगडूने कुंचला थांबवून एकदा माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, वहिनी, बराबर हाय का? मी मान खाली घातली. त्याचा अर्थ त्याने हो असा घेतला.

पाटी टांगली आणि बाजार लोटला. गोल, पांढराफटक चेहरा, गाल गुलाबाचे, कारण दगडूला लाल रंगात तेवढंच येई. डोळे इतके टपोरे की पापण्या मिटतील अशी आशा नव्हती, आणि त्यांतला एक दुसऱ्यापेक्षा बोटभर खाली. मान नव्हतीच. लहान मुलं रडायला लागली. आठ दिवसांत आमच्या दुकानाचं नाव भुताचं दुकान पडलं. हट्टी पोरांना आया सांगू लागल्या, गप बस, फुटाणेवाला बघतोय. आणि तो बघतच असे. तिन्हीसांजेला भट्टीचा उजेड खालून पाटीवर पडला की ते डोळे हलल्यासारखे वाटत. मी वाळू चाळत असले, पाणी भरत असले, कुंकू लावत असले, तरी ते माझ्यावर. मला त्या चेहऱ्याची भीती वाटे आणि त्याच्यासमोर पदर घ्यावासाही वाटे. शेवटी तो माझा नवराच होता.

आत्याबाई हसणाऱ्यांवर रागावल्या नाहीत. म्हणत, हसू दे. हसल्यावर ध्यानात ऱ्हातं. ते खरं होतं. पुण्याहून मुंबईला जाणारे ट्रकवाले मुद्दाम थांबून पाटी बघत आणि फुटाणे घेऊन जात. प्रत्येकाला आत्याबाई विचारत, असा कुणी दिसला का? ते वर बघत, हसू दाबत, आणि नाही म्हणत.

दरवर्षी दसऱ्याला पाटी पुन्हा रंगायची, आणि तिथेच आत्याबाईंनी दगडूला चकित केलं. जुनंच काढ म्हणाल्या नाहीत. मुलगा वर्षाने मोठा झाला होता. "दगडू, औंदा मिशा काढ. पंचवीस संपलं त्याचं." पुढच्या वर्षी म्हणाल्या, "औंदा गाल जरा कमी कर. बाहेरचं खाऊन अंग धरत न्हाई." त्याच्या पुढच्या वर्षी मिशा जाड झाल्या आणि कपाळावर एक आठी आली. दगडूच्या हातून ती आठी तिसऱ्या भुवईसारखी निघाली. आत्याबाईंनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, काळजी करतोय. लोक म्हणत, बाजारातलं भूत म्हातारं होत चाललंय.

मला मात्र वेगळंच काही होत होतं. सुरुवातीला डोळे मिटले की पाठ दिसे आणि तिच्यापुढे एक धुकं. तिसऱ्या वर्षापासून त्या धुक्यात दगडूचा चेहरा येऊन बसला. गोल, उजळ, एक डोळा खाली. मी तो पुसून खरा आठवायचा प्रयत्न करी, तर खरा कुठे होता मुळात? वापरून वापरून नाणं झिजतं, माझं तर न वापरताच झिजलं.

नावाचंही तसंच. लग्नात उखाण्यात मी ते एकदा घेतलं, डोळे मिटून, एका दमात. नंतर कधीच नाही. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे मी आईच्या तोंडून ऐकलेलं. जवळ असलेल्या माणसाचं आयुष्य एक वेळ कमी झालेलं चालेल, निदान दिसतं तरी. लांबच्या माणसाचं कोण मोजणार? हळदीकुंकवाला बायका नाव घ्यायचा आग्रह करत, मी काहीतरी निमित्त काढून उठून येई. इथे लिहितानाही हात तिथपर्यंत जातो आणि वळून येतो.

आणि मग ते चौथं नवरात्र. माझ्या आयुष्यात आश्विन पुष्कळ आले, पण माझ्यापाशी राहिला तो एवढाच.

अष्टमी होती. ऊन असं की रस्त्यावरचं डांबर चपलेला धरत होतं. दगडूने सकाळीच चेहरा पुरा केला होता. त्या वर्षी आत्याबाईंनी कानाशी दोन पांढरे केस सांगितले होते. रंग ओला होता. दगडू जेवायला गेला होता आणि आत्याबाई आत पोत्यांआड लवंडल्या होत्या. बाजार पेंगत होता. रस्त्याच्या पलीकडे एक मालट्रक येऊन थांबला आणि त्यातून एक माणूस उतरून आला.

त्याने आधी पाटी पाहिली. हसला, तोंडावर हात ठेवून, पण हसू हाताबाहेर आलं. मला राग आला. चार वर्षं हसणारे पाहिले होते, पण रंग ओला असताना कुणी हसलं की मला सहन होत नसे. मी पदर ओढला आणि शेराचं माप हातात घेतलं. त्याने विचारलं, "ह्यो कोण म्हनायचा?"

"घरातलेच हायेत," मी म्हटलं.

"घाबरत न्हाई का तुमी?"

मी माप फुटाण्यांत घातलं. परक्या माणसाशी बाजारात किती बोलायचं याला मर्यादा होती. पदराच्या कडेतून एकदाच वर पाहिलं, कारण प्रत्येक माणसाचा चेहरा मी पाटीशी ताडून बघत असे, ती सवयच झाली होती. लांबट चेहरा. काळा. गाल आत गेलेले. डोळे बारीक, उन्हाने मिटत आलेले. पाटीतलं काहीच नव्हतं. मी मनातल्या मनात त्याला नाही म्हटलं आणि फुटाण्यांचा पुडा बांधला. तो पुडा घेऊन जरा रेंगाळला. माझ्याकडे बघतोय असं वाटलं. म्हणाला, तुमी हितल्या न्हाई वाटत. मी वाळूत झारा घातला. मग तो गेला.

गेला म्हणजे त्याने पाठ केली. चार पावलं गेला आणि हात मागे गेले. उजव्या हातात डावं कोपर. डावा खांदा खाली. टोपी नव्हती डोक्यावर. मानेच्या वर एक बट उभी होती.

माझ्या हातातला झारा भट्टीत पडला, तो मला नंतर दिसला. मी उठले, फळीपर्यंत आले. हाक मारायची होती. नाव घशात होतं, तिथेच राहिलं. तोंड उघडलं आणि निघालं ते, "अहो." भर बाजारात एका बाईची ती हाक ऐकून तीन माणसं वळली. न्हावी वळला, सायकलवाला वळला, वैद्यबुवा वळले. तो वळला नाही. का वळावं? त्या हाकेने मी त्याला चार महिन्यांत किती वेळा हाक मारली होती? कानाला सवय झाली असती तर वळला असता.

मग मला सुचलं की आत्याबाईंना नाव घेता येतं. आईला सगळं घेता येतं. मी आत धावले, त्यांना हलवलं, आत्याबाई उठा, आत्याबाई उठा. त्या थकलेल्या होत्या, उपासाच्या होत्या. डोळे उघडून उठून बसेपर्यंत बाहेर ट्रकचं इंजिन वाजलं. मी दारात आले तर रस्त्यावर धूळ होती आणि ती मुंबईच्या बाजूला चालली होती.

"काय गं?" त्यांनी विचारलं.

"काही न्हाई," मी म्हटलं. "भट्टी इझायला आली."

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आत्याबाईंना का सांगितलं नाही? काय सांगणार होते? की तुमचा मुलगा आला, तुमच्या पाटीला हसला, आणि मी त्याला पाटीसारखा नाही म्हणून जाऊ दिलं? की तो आलाच नव्हता, दुसराच कुणी होता, आणि मला भास झाला? ट्रकवर राबणाऱ्या किती माणसांचा एक खांदा खाली असतो. किती जणांच्या डोक्यात भोवरा असतो. पुढे मी शिकले, मास्तरीण झाले, शेकडो मुलं फळ्याकडे पाठवली आणि त्यांच्या मानांवर उभ्या बटा पाहिल्या. प्रत्येक वेळी मनाला समजावलं की बघ, असतात. मन समजत नाही. धावले का नाही, हे मला अजून कळलेलं नाही. रस्ता ओलांडायला वीस पावलं होती.

मी त्या पाटीकडे वर पाहिलं, आणि पहिल्यांदाच मला तिची भीती वाटली नाही. राग आला. चार वर्षं आम्ही दोघींनी मिळून एक परका माणूस दाराशी बसवला होता आणि घरच्याला ओळखू शकलो नव्हतो. आईने मायेपोटी सांगितलं आणि मी लाजेपोटी ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी, खंडेनवमीला, आत्याबाई सकाळीच लांबच्या देवळात देवीची ओटी भरायला गेल्या. दगडू वार्निश मारायला आला. मी त्याला म्हटलं, दगडूभाऊ, हे पुसा. तो शिडीवरच थांबला. मी म्हटलं, मी सांगते तसं काढा. पाठमोरा काढा. त्याने मला दोनदा विचारलं, पाठमोरा? पाटीवर? गिऱ्हाइकाकडं पाठ करून? मी हो म्हटलं.

आणि मग मी बोलत सुटले. मला स्वतःचंच नवल वाटलं. चेहऱ्याबद्दल बोलायची लाज होती, पाठीबद्दल कुणी कसली लाज शिकवलीच नव्हती. खांदा किती खाली, कोपर कसं धरलेलं, बंडीवर घामाचा डाग कुठे, टाच कशी पडते, बट कुठून उगवते. गुलाब काढताना त्याचा हात चालायचा तसा त्या दिवशी चालला. डोळे काढायचे नव्हते, नाक काढायचं नव्हतं. त्याला जे जमत नसे त्यातलं काहीच नव्हतं. दिवेलागणीपर्यंत पत्र्यावर एक माणूस चालत होता. दगडू खाली उतरला, कुंचला पुसला, आणि म्हणाला, "वहिनी, हे आदी का न्हाई सांगितलंसा?"

दसऱ्याला सकाळी बाजार पाटी बघायला जमला. म्हातारं होणारं भूत या वर्षी कसं झालंय, याची सगळ्यांना उत्सुकता असे. पाहिलं आणि हसायचा नवा भडका उडाला. दुकानदारच गिऱ्हाइकाला पाठ दाखवतो म्हणाले. चपलांवाला म्हणाला, माझे दोन्ही डावे पाय परवडले. आत्याबाई झेंडूची माळ घेऊन बाहेर आल्या. आदल्या संध्याकाळी त्या परतल्या तेव्हा अंधार पडला होता म्हणून त्यांना पाटी दिसली नव्हती. त्यांनी वर पाहिलं. मी भट्टीपाशी उभी होते, आता काय होतं ते बघत.

हसणारे हळूहळू थांबले. दगडूने शिडी धरून ठेवली होती, त्याचीही मान खाली. कॅम्पातला कापडवाला त्याच्या दुकानातून बघत होता. आत्याबाईंनी माळ हातातच धरली होती आणि तिच्यातली फुलं एकेक करून खाली पडत होती.

"ह्यो माझाच हाय," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पर चाललाय कुठं?"

त्या माझ्याकडे वळल्या. "तू बघितलास व्हय गं त्याला जाताना?"

त्या चिंचेच्या झाडापर्यंतचं विचारत होत्या. माझ्या डोळ्यांपुढे परवाची धूळ होती. दोन्ही मिळून मी एकच उत्तर दिलं. "व्हय."

"म्या न्हाई बघितला," आत्याबाई म्हणाल्या. "म्या भाकरी थापीत होते."

त्यांनी शिडीवर पाय ठेवला. दगडू म्हणाला, मावशी, मी घालतो माळ. त्यांनी त्याला बाजूला केलं, तीन पायऱ्या स्वतः चढल्या आणि माळ त्या पाठीवर टांगली. खाली आल्यावर मला एवढंच म्हणाल्या की हे पुसू नको, आणि पुन्हा रंगवूही नको. त्यानंतर आमच्या पाटीला कधी नवा रंग लागला नाही. आत्याबाई त्याला पुढे एक दिवसही म्हातारा होऊ देईनात. असं का, ते त्यांनी सांगितलं नाही. आणि अष्टमीचं मी सांगितलं नाही. आम्ही दोघी अजून बरीच वर्षं एका ताटात जेवलो.

आत्याबाई गेल्या, मामा गेले, भट्टी मोडली. कापडवाल्याचा दरवाजा कुठे गेला माहीत नाही. दगडू म्हातारपणी पुन्हा ट्रंकांकडे वळला आणि मग ट्रंकाच बंद झाल्या. बाजरीच्या शेतांत इमारती उभ्या राहिल्या, त्यातल्या एकीत मी राहते. पाटी माझ्या कपाटामागे असते, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. कडा गंजल्या आहेत, खांद्यावरचा रंग उडाला आहे. बट अजून आहे. मी अजून कुंकू लावते. लावायचं की नाही हे सांगायला कुणी आलं नाही, म्हणून लावते.

दरवर्षी दसऱ्याला मी ती काढून भिंतीला टेकवते आणि एक फूल वाहते. घरातल्या सगळ्यांना ते माझं खूळ म्हणून माहीत आहे. यंदा सगळे सोनं वाटायला खाली गेले होते. घरात मी एकटी, खिडकीतून तो रंगाचा वास, आणि समोर ती पाठ. माझं वय आता पंच्याऐंशीच्या पुढे गेलं. ते असतील तर नव्वदीच्या पुढे. मनात आलं, आता नाव घेतल्याने कुणाचं किती आयुष्य कमी होणार आहे?

मी पदर सारखा केला, आणि नाव घेतलं. उखाण्यात नाही, नुसतंच, हाक मारावी तसं. रस्त्यापलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

पाठ वळली नाही. मी बराच वेळ उभी होते.